मिरजेत आपलं स्वागत



पचनमार्गातल्या लिम्फोमाच्या परिषदेचं स्वागताध्यक्षपद एका भुसार व्यापाऱ्याकडे कसं, हे मीही चिटणीस डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, "धान्य शेवटी पोटातच जातं ना!" मग मी वाद घातला नाही.

डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली इथे इस्पितळ उभारलं, तेव्हापासून मिरज म्हणजे दवाखाने. स्टेशनवर परका माणूस उतरला की रिक्षावाला "कुठला दवाखाना?" एवढंच विचारतो. आज सकाळी आपल्यापैकी काहींनाही विचारलं म्हणे. दिलगीर आहोत.

दुसरी मिरज सुरांची. हत्यारं घडवणाऱ्या शिकलगारांचे हात तंबोऱ्याकडे वळले ते इथेच. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मीरासाहेबांच्या दर्ग्यात विसावले आहेत. पण माझा जीव अडकलाय तो डॉ. भडभडे यांच्यात. त्यांच्या नावाची पाटी मला तरी गावात कुठे दिसलेली नाही. कुरुंदवाडच्या विष्णू दिगंबर पलुस्करांचे डोळे लहानपणी फटाक्याने भाजले, तेव्हा त्यांना मिरजेला भडभड्यांकडे आणलं. दृष्टी पुरती परत आणणं डॉक्टरांच्या हातात नव्हतं. मुलाचा गळा मात्र त्यांनी ओळखला आणि याला गाणं शिकवा म्हणाले. गायक बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर तेव्हा मिरजेतच होते, त्यांच्याकडे मुलाची तालीम सुरू झाली. पुढे १९०१ मध्ये याच पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. त्याचं मूळ मिरजेच्या एका डॉक्टरच्या सल्ल्यात आहे, हे मी जिथे माइक मिळेल तिथे सांगतो.

आता आपला विषय. जठराच्या माल्ट लिम्फोमात हेलिकोबॅक्टर जंतू मारला की बऱ्याच रुग्णांची गाठ विरघळते, हे १९९०च्या दशकात पक्कं झालं. मोठ्या पेशींच्या लिम्फोमातही केमोथेरपी आणि रिटक्सिमॅबने पुष्कळ जण बरे होतात. पूर्वीसारखं सर्रास जठर काढत नाहीत. आतड्याच्या टी-पेशींच्या लिम्फोमाचं विचारलं की मात्र आमचे चिटणीस चष्मा पुसत बसतात. शिवाय आपल्याकडे आतड्याचा क्षय समजून गोळ्या सुरू होतात आणि निदानाआधीच महिने निघून जातात, ते वेगळंच. रुग्ण विचारणार, "डॉक्टर, पुढे काय?" भडभड्यांनाही तेच विचारलं गेलं असणार. आपण दोन दिवस याच प्रश्नावर बोलणार आहात, म्हणून त्यांची आठवण काढली. संबंध थोडा ओढून आणलाय, मान्य आहे.

व्यवस्थेबद्दल आधीच माफी मागतो. दोन लॉजमध्ये गरम पाणी सकाळी सातपर्यंतच येतं. सभागृहाचा मागचा पंखा आवाज करतो. तो बंद केला तर उकडतं, म्हणून चालूच ठेवलाय. जेवणात तिखट कमी ठेवायला आचाऱ्याला बजावलं आहे, त्याने कितपत ऐकलं ते दुपारी कळेल. पोटाचे तज्ज्ञ हजर आहेत, तेवढाच धीर.

मार्केट यार्डातल्या आडत्यांनी दोन्ही दिवसांचं जेवण दिलं. सतारमेकर गल्लीतल्या कारागिरांनी पाहुण्यांसाठी छोटे तंबोरे घडवले आणि मजुरी घेतली नाही. औषध विक्रेत्यांनी पिशव्या, मंडपवाल्याने खुर्च्या, शेजारच्या शाळेने बाकं आणि मैदान दिलं. एका आजींनी पेन्शनमधून पाकीट पाठवलं. नाव सांगू नका म्हणाल्यात. देणगीदारांपैकी कुणी राहून गेलं असेल तर चहाच्या वेळी मला गाठावं, समारोपात नाव घेतो.

चिटणीस घड्याळ दाखवताहेत. उद्घाटकांनी समईकडे यावं. वात जरा पुढे ओढून घ्या, वारा आहे.