पावसाळ्यातलं बोलणं



मालवणच्या दक्षिणेला तारकर्ली आणि पुढे देवबाग. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी, मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. पुढे या पट्टीवरच्या घरांना एकेक खोली वाढत गेली आणि दारांवर न्याहरी-निवासाच्या पाट्या लागल्या.

इथे एका पहाटे मी रापणीचं जाळं किनाऱ्यावर ओढलं जाताना पाहत होतो. मुंबईच्या पाहुण्यांनी मध्येच दोरी धरून फोटो काढले, मुलं जाळ्यापाशी शिरली. एक म्हातारे रापणकर खेकसले. त्यांच्या शेजारी दोरीला असलेला तरुण मात्र हसून मुलांना बाजूला घेत होता. त्याच्या घरच्या दोन्ही खोल्या त्या दिवशी भरलेल्या होत्या. खोळंबा दोघांचाही सारखाच झाला होता, पण बोलायची मुभा एकालाच होती.

गावाला पर्यटन हवं का, असं विचारलं तर हा तरुण 'हो' म्हणेल, आणि ते खरंच असेल. पर्ससीन आणि ट्रॉलरवाल्यांनी किनाऱ्यालगतची मासळी ओरबाडली, तेव्हा घर तगलं ते या खोल्यांवर. पण त्याच्या 'हो'मध्ये किती गोष्टी गिळलेल्या आहेत, हे ऐकायला पावसाळ्यात जावं लागतं. तेव्हा मासेमारी बंद, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद, स्कूबाही बंद. माणसं पडवीत निवांत बसतात.

अशाच एका पडवीत एक बाई सांगत होत्या. मे महिन्यात मोटर दिवसभर चालते, विहिरीचं पाणी मचूळ होतं. आंघोळी आधी पाहुण्यांच्या, उरलं तर घरच्यांच्या. मी विचारलं, कधी कुणाला बोललात का? त्या म्हणाल्या, "सांगू कोणाक? पावणो रागावलो, तर परत येवचो नाय."

२०२० च्या उन्हाळ्यात टाळेबंदीमुळे किनारा रिकामा होता. विहीर गोड राहिली, आणि त्या रोज फोनकडे बघत बसल्या. दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच दमात सांगितल्या.

किती खोल्या, किती होड्या, किती पाणी, हे ठरवताना या माणसांना विचारायलाच हवं. भर हंगामात नव्हे, जुलैत, आणि एकेकट्याला. हंगामातली त्यांची गप्प संमती कागदावर चढवणं हा त्यांच्यावर अन्याय आहे, असं मला मनापासून वाटतं.

मी उठलो तेव्हा त्यांचा फोन वाजला. दिवाळीची चौकशी होती.

"हो हो," त्या सांगत होत्या, "पाणी भरपूर आहे."