माझा आवडता तत्त्वज्ञ
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंत. मी तत्त्वज्ञावर बोलणार म्हणताच घरी सगळे हसले. पण माझा तत्त्वज्ञही काही थोरामोठ्यांच्या घरचा नव्हता. एपिक्टेटस सुमारे १९०० वर्षांपूर्वी रोमन साम्राज्यात होऊन गेला. तो गुलाम होता, पायाने अधू होता. सुटका झाल्यावर पुढे त्याने ग्रीसमध्ये निकोपोलिस येथे शाळा चालविली. त्याचे बोलणे एरियन या शिष्याने टिपून ठेवले, म्हणून ते आपल्यापर्यंत आले.

तो सांगतो, आपले विचार आणि वागणे आपल्या हाती असते. शरीर, पैसा, लोकांची वाहवा हाती नसते.

माझा थोरला मुलगा लग्नावरून रुसून घर सोडून गेला. दोन वर्षे मी दाराकडे डोळे लावून बसले आणि घरच्यांवर चिडत राहिले. हे वाचले तेव्हा उमगले, की त्याचे येणे माझ्या हाती नाही. पण त्याला पत्र घालणे आणि जेवायला बसलेल्या धाकटीशी गोड बोलणे आहे. तेवढे करू लागले. तो अजून आलेला नाही. पण घरातली धुसफूस थांबली.

लेकराचा मुका घेताना ते मर्त्य आहे असे मनाशी म्हणावे, हे त्याचे म्हणणे मात्र मला पटत नाही. आपल्याला कुठे परीक्षा द्यायची आहे? म्हणून त्याच्याशी भांडताही येते. तरी भगिनींनो, दुपारची झाकपाक झाल्यावर दोन पाने वाचून पाहा.