लाइट आल्यावर स्मार्ट प्लग काय करतो?

वाय-फायवर चालणारे प्लग आणि मोबाइलवरून लागणारे दिवे आता नाशिकच्या महात्मा गांधी रोडवरच्या दुकानांत सहज मिळतात. पण दूर बसून यंत्र चालू-बंद करण्याची गरज आपल्या महाराष्ट्रात फार आधी शेतकऱ्याला भासली. विहिरीवरची मोटर लांब, लाइटची वेळ रात्रीची, वाटेत साप-विंचू. आजोबांची ही पायपीट पाहिलेल्या पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी ‘नॅनो गणेश’ हे उपकरण घडवलं. ते स्टार्टरला जोडायचं आणि फोन लावून मोटर चालू किंवा बंद करायची. तिथे लाइट आहे की नाही, हेही घरबसल्या कळायचं. साध्या बटणांच्या फोनवर चालणारं हे काम होतं.

त्याच शेतात दुसरंही एक उपकरण आलं, ऑटोस्विच. लाइट आली की मोटर आपोआप सुरू. एकट्या शेतकऱ्यासाठी सोयीचं, पण लाइट येताच एका डीपीवरच्या, म्हणजे एका रोहित्रावरच्या, सगळ्या मोटरी एकाच क्षणी उचलतात. मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. एवढा भार एकदम आला की डीपी बंद पडते किंवा जळते. म्हणूनच ऑटोस्विच काढा, कपॅसिटर बसवा, असं महावितरण वर्षानुवर्षं सांगत आलं आहे.

ही शेतातली गोष्ट मी घरातल्या प्लगसाठी मुद्दाम सांगतो आहे. उपकरण निवडताना आपण पाहतो ते सगळं सुरळीत असताना काय करतं. माझं कळकळीचं सांगणं आहे की आधी उलट विचारा: लाइट गेली, नेट गेलं, किंवा उद्या कंपनीच गेली, तर हे काय करेल?

लाइटपासून सुरू करू. इस्त्री चालू असताना लाइट गेली, इस्त्री तशीच राहिली, घरची मंडळी बाहेर पडली आणि दुपारी लाइट आली. साधा सॉकेट इस्त्री तापवत बसेल. चांगल्या स्मार्ट प्लगच्या अ‍ॅपमध्ये यासाठी एक सेटिंग असतं: लाइट परत आल्यावर चालू व्हायचं, बंद राहायचं, की आधी होता तसं राहायचं. इस्त्री, गिझर, हीटर यांना ‘बंद’ हेच ठेवा. माशांच्या टाकीचा पंप किंवा राउटर असेल तर ‘चालू’. फ्रिज स्मार्ट प्लगवर लावूच नका. कुणाचं बोट चुकून मोबाइलवर पडलं की रात्रभरात सगळं नासेल. हे सेटिंगच नसलेला प्लग कितीही स्वस्त मिळाला तरी मी घेणार नाही.

नेटकडे वळण्याआधी अँपिअर. इथे सगळ्यात जास्त गल्लत होते आणि प्लग जळतात ते इथेच. आपल्याकडचा व्होल्टेज २३० धरा. सहा अँपिअरचा साधा प्लग १३८० वॉटपर्यंत, दहा अँपिअरचा २३०० वॉटपर्यंत आणि सोळाचा, ज्याला आपण पॉवर प्लग म्हणतो तो, ३६८० वॉटपर्यंत. पंधरा लिटरचा गिझर बहुधा २००० वॉटचा असतो, म्हणजे पावणेनऊ अँपिअर. झटपट पाणी तापवणारा छोटा गिझर ३००० वॉटचा, म्हणजे तेरा अँपिअर. दहा अँपिअरच्या स्मार्ट प्लगवर हा तीन हजारवाला लावला की आतला रिले, म्हणजे चालू-बंद करणारा स्विच, तापतो, प्लास्टिक मऊ होतं, वास येतो. निफाडकडचा गारठा शहरात उतरतो तेव्हा घरोघरी गिझर जास्त वेळ चालतो आणि प्लगची खरी परीक्षा तेव्हाच होते. गिझरसाठी सोळाचाच घ्या आणि तो बाथरूमच्या वाफेत बसवू नका. सॉकेट ढिला असेल तर आधी वायरमनकडून तो बदलून घ्या. ढिल्या सॉकेटमध्ये महागडा प्लगही तापतोच.

मोटरचं गणित आणखी वेगळं. एक हॉर्सपॉवरची पाण्याची मोटर म्हणजे ७४६ वॉट, त्यामुळे दहाच्या प्लगवर सहज चालेल असं वाटतं. पण सुरू होतानाचा तो झटका प्लगमधल्या इवल्या रिलेचे संपर्कबिंदू चिकटवून टाकू शकतो. मग अ‍ॅपवर ‘बंद’ दिसतं आणि मोटर चालूच असते. टाकी वाहते आणि मोटरही गरम होते. यावरचा उपाय म्हणजे कॉन्टॅक्टर: स्मार्ट प्लगने फक्त कॉन्टॅक्टरला इशारा द्यायचा, मोटरचा भार कॉन्टॅक्टरने उचलायचा. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींत स्विचगिअर घडतं, त्यामुळे हे काम नीट जाणणारे इलेक्ट्रिशियन नाशिकला तरी कमी नाहीत.

नेटचा प्रश्न तपासायला सोपा आहे. प्लग घरी आणा, वेळापत्रक लावा आणि राउटर बंद करा. ठरल्या वेळी प्लग चालू झाला तर वेळापत्रक त्याच्या पोटात आहे. नाही झाला तर ते कंपनीच्या सर्व्हरवर आहे. असा प्लग परतीची मुदत आहे तोवर परत करा. प्लगवर हाताने दाबायचं बटण हवंच. घरातल्या आजींना फोन न उघडता ते चालवता आलं पाहिजे. आणखी एक, बहुतेक स्मार्ट प्लग फक्त २.४ गिगाहर्ट्‌झचं वाय-फाय ओळखतात. जुन्या नाशकातल्या वाड्यांच्या जाड भिंतींत किंवा तीन स्लॅबखालच्या पार्किंगमध्ये सिग्नल पोहोचतो का, हे आधी फोनवर पाहून घ्या.

कंपनी जाण्याची भीती काल्पनिक नाही. एप्रिल २०२२ मध्ये अमेरिकेतल्या इन्स्टिऑन कंपनीचे सर्व्हर पूर्वसूचनेशिवाय बंद पडले आणि हजारो घरांतली उपकरणं अ‍ॅपला दाद देईनाशी झाली. बेल्किनसारख्या मोठ्या कंपनीने जुलै २०२५ मध्ये जाहीर केलं की वीमो नावाच्या तिच्या बहुतेक उपकरणांची ऑनलाइन सेवा ३१ जानेवारी २०२६ ला थांबेल. म्हणून खोक्यावर ‘मॅटर’ हे मानक आहे का ते पाहा. गुगल, अ‍ॅपल, अ‍ॅमेझॉन या सगळ्यांनी मिळून आणलेलं हे मानक ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यावर चालणारं उपकरण घरातल्या घरात बोलू शकतं आणि एका कंपनीवर अडून राहत नाही. थोडे पैसे जास्त पडतात, ते मला रास्त वाटतात.

बिलात किती फरक पडेल? घरी बसवलेल्या स्मार्ट टीओडी (वापराच्या वेळेनुसार दर लावणाऱ्या) मीटरवर महावितरणने १ जुलै २०२५ पासून सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतल्या वापराला सवलत सुरू केली, युनिटमागे ऐंशी पैशांपासून. पहाटेचा गिझर यात बसत नाही. पण दुपारी घरीच असणारी इलेक्ट्रिक स्कूटर साधारण तीन युनिट घेते. तिचं रोजचं चार्जिंग प्लगवर वेळ लावून त्या तासांत आणलं तर महिन्याला सत्तर-पंचाहत्तर रुपये वाचतील. टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स रात्रंदिवस दहा वॉट खात असेल तर वर्षाला जवळपास ८८ युनिट होतात. रात्री तो बंद ठेवा. मात्र स्मार्ट प्लग स्वतःही एखादा वॉट घेतो, त्यामुळे मोबाइलच्या चार्जरला तो लावण्यात काहीच फायदा नाही.

कॅमेरा घेणाऱ्यांनी अधिक जपावं. २०१६ मध्ये मिराय नावाच्या व्हायरसने कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेले लाखभर कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेऊन मोठमोठ्या वेबसाइटी पाडल्या होत्या. पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला.

शेवटचं, पण नाशिकच्या घरांसाठी फार महत्त्वाचं. आपल्याकडे अनेकांची मुलं पुण्यात, बेंगळुरूत, अमेरिकेत असतात. सुट्टीत येतात, आईबाबांच्या घरात प्लग, दिवे, कॅमेरे बसवतात आणि सगळं स्वतःच्या खात्यावर ठेवून परत जातात. मग मुलाचा फोन बदलला की इथे काही जागचं हलत नाही. खातं आईच्या किंवा बाबांच्या नावाने उघडा, मुलांना त्यात जोडून घ्या, आणि कोणत्या बोर्डावर काय लावलंय ते मराठीत लिहून मीटरच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवा. वायरमन येईल तेव्हा त्यालाही तोच कागद लागेल.