पोरीचं वय आणि कापसाचा भाव

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचे विषय वाचून दाखवले तेव्हा मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, कापूस-ज्वारीच्या बैठकीत पोरींच्या लग्नाचा विषय कशाला घुसवला? आमचं म्हणणं असं, की हा विषय कापसाचाच आहे. कसा, ते सांगतो.

कोरडवाहू माणसाच्या हातात पैसा वर्षातून एकदा येतो. दिवाळीच्या मागेपुढे वेचणी होते, कापूस जातो, दुकानदाराची उधारी फिटते आणि उरलं तर त्यात लग्न बसवायचं. पुढचं साल पावसाचं निघेल की दुष्काळाचं, कोणी सांगावं? म्हणून थोरलीच्या मांडवातच धाकटीलाही उरकून टाकायचं, एक जेवणावळ वाचते. पोरगी लहान, शिक्षण कमी, तर हुंडा कमी. बारावी झाली की तिला तेवढाच शिकलेला नवरा पाहिजे, आणि त्याचा भाव मात्र आपल्या कापसासारखा पडत नाही, दरसाल चढतोच. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत आणखी एक पेच. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मुकादम उचल देतो ती जोडीला. पोराचा कोयता पुरा व्हायचा तर घरात सून पाहिजे. आणि आईबाप सहा महिने फडावर, तर वयात आलेली पोरगी मागे कोणाच्या भरवशावर ठेवायची, ही भीतीही खोटी नाही.

शहरात बसून आपल्याला अडाणी म्हणणाऱ्यांना हे गणित कळत नाही. पण आपल्याला ते कळतं म्हणून ते बरोबर ठरत नाही. त्यात एक रकाना आपण कधी भरलाच नाही, तो पोरीचा.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी २०१९-२१ मध्ये झाली. २० ते २४ वयाच्या बायांना विचारलं, तुमचं लग्न अठराच्या आत झालं का? महाराष्ट्रात शंभरातल्या जवळजवळ २२ जणींनी हो म्हटलं. बीड जिल्ह्यात हा आकडा ४३ च्या पुढे, परभणीत ४८. म्हणजे परभणीत दोघींतली एक. लग्न झालं की वर्षाच्या आत सासू विचारते, काही बातमी आहे का? राज्यात १५ ते १९ वयाच्या शंभर पोरींमागे सात-आठजणी आई झालेल्या किंवा पोटुशी होत्या. अंगात रक्त नाही, हाडं अजून भरलेली नाहीत, त्यात बाळंतपण. मूल कमी वजनाचं जन्मतं आणि लग्नात वाचवलेला पैसा दवाखान्यात जातो. पैशाचं जाऊ द्या, कधी कधी पोरगीच जाते.

आमच्याच गावची गोष्ट. २०२० साली शाळा बंद होत्या, लग्नं अंगणात पाच-पन्नास माणसांत होत होती, खर्च नाही, बोभाटा नाही. नववीतली एक पोरगी तशीच उजवून टाकली. अक्षताला आम्हीही होतो, हे कबूल केलं पाहिजे. पुढे दिवस गेले तेव्हा सासरच्यांनी तिला सहावा महिना लागेपर्यंत तपासणीला नेलंच नाही, कारण वय विचारतील, गुन्हा दाखल होईल. नेली तेव्हा अंगात रक्त इतकं कमी की डॉक्टर सासऱ्यावर ओरडला. ती वाचली, मूल राहिलं नाही. आता विशीतली आहे, आमच्या शेजारच्या वावरात वेचणीला येते. तिच्याकडे बघून बोलायला आम्हाला अजून जड जातं.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. २००६ चा बालविवाह प्रतिबंध कायदा म्हणतो, मुलगी १८ ची, मुलगा २१ चा. शिक्षा दोन वर्षांपर्यंत आणि दंड एक लाखापर्यंत. ही फक्त बापाला नाही. लग्न लावणारा, जुळवणारा, आणि माहीत असून मांडवात बसलेला पाहुणासुद्धा त्यात येतो. गावात ग्रामसेवक हाच प्रतिबंध अधिकारी. १०९८ हा फोन फुकट आहे, नाव सांगावं लागत नाही. झालेलं लग्नही पोरीला वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत न्यायालयातून रद्द करून घेता येतं, हे तर फार थोड्यांना ठाऊक आहे. आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की बायको अठराच्या आतली असेल तर तिच्याशी संबंध हा बलात्कारच.

पण नुसत्या पोलिसाच्या भीतीने हे थांबेल असं आम्हाला वाटत नाही. मांडवात जीप आली की लग्न मोडतं आणि आठ दिवसांनी मामाच्या गावी लागतं. वर पोटुशी पोरगी दवाखान्यापासून लपवली जाते, ते वेगळंच. लग्न आधी थांबवा. ते झालंच असेल तर पोरीला पहिल्या महिन्यापासून आशाताईकडे न्या. केस होईल की नाही ते नंतर बघू, जीव आधी.

मग थांबतं कशाने? पैठण तालुक्यातलं पाचोड आपल्यातल्या पुष्कळांना माहीत आहे, आपल्यासारखाच कोरडवाहू मुलूख. तिथल्या आरोग्य संस्थेने १९९८ च्या सुमाराला शाळा सुटलेल्या, लग्न न झालेल्या पोरींसाठी गावोगाव वर्ग काढले. रोज संध्याकाळी एक तास, आठवड्याचे पाच दिवस, वर्षभर. शिकवणाऱ्या बाया त्याच गावातल्या, सातवी शिकलेल्या असल्या तरी चालतील. आरोग्य, आहार, ग्रामपंचायत आणि सरकारी संस्था कशा चालतात, हे शिकवायचं. आईबापांना आणि गावच्या समितीला सोबत घेऊन. १९९७ ला त्या गावांत अठराच्या आत लग्न होणाऱ्या पोरी शंभरात ८१ च्या आसपास होत्या, २००१ ला ६२ च्या आसपास आल्या. ज्या गावांत वर्ग नव्हते तिथे फारसा फरक पडला नाही. बासष्ट म्हणजे काही आनंदाची गोष्ट नव्हे. पण चार वर्षांत, एका कंदिलाच्या आणि एका सातवी शिकलेल्या बाईच्या बळावर एवढं झालं.

हे एकट्या संघटनेचं काम नाही आणि एकट्या सरकारचंही नाही. बचत गटातल्या बायांना कोणाच्या घरी सोयरीक चालली आहे ते सगळ्यांच्या आधी कळतं. मुख्याध्यापकाला कळतं, कोणती पोरगी आठ दिवस गैरहजर आहे. (वयाचा पुरावा शाळेच्या दाखल्यावरूनच बघा. आमच्या पिढीत अर्धं गाव एक जूनला जन्मलं होतं, आता आधार कार्डावर वर्ष पुढेमागे करणारे निघाले आहेत.) मंडपवाला, बँडवाला, भटजी, काझी, भंतेजी यांना गावाने एकदा बसवून सांगितलं, की दाखला बघितल्याशिवाय सुपारी घेऊ नका, तर त्यांनाही ते सोयीचंच आहे. तरुण मंडळाच्या पोरांना गणपतीची वर्गणी जमते, तर सकाळी फाट्यापर्यंत पोरींच्या सोबत चालणं का जमू नये? मुलींना एसटीचा पास मोफत आहे. तरीही कित्येक पोरींची शाळा सुटते ती फाट्यापर्यंतच्या दोन-तीन किलोमीटरमुळे. पोरांनाही वर्गात बसवा. एकोणीस वर्षांच्या नवऱ्याला कोणी काही सांगितलेलं नसतं, त्याची चूक किती धरायची?

१९८६ साली चांदवडला शेतकरी बाया लाखांनी जमल्या होत्या. पुढे लक्ष्मीमुक्तीत कित्येक घरांनी बायकोच्या नावे जमीन करून दिली. त्या बायांच्या नाती आज पंधरा-सोळाच्या आहेत. सातबाऱ्यावर आजीचं नाव आणि नात नववीतून मांडवात, हे आपल्याला कसं चालतं?

भाव मागायचा तो मागतच राहू. पण कापसाला पुरता भाव येईपर्यंत पोरीचं वय थांबत नाही.

तर पुढच्या महिन्याच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक कागद आणायचा. आठवी ते दहावीतल्या किती पोरी यंदा शाळेत आल्या नाहीत, आणि फडावर जाणाऱ्या किती घरांत मागे पोरी राहणार आहेत. नावं लिहू नका, नुसता आकडा. ऊसतोडीच्या गाड्या दसऱ्यानंतर भरायला लागतात, त्याआधी त्या पोरींच्या राहण्याची सोय कोणाच्या घरी, कोणत्या वसतिगृहात, हे ठरवायचं आहे. ज्या गावात संध्याकाळच्या वर्गासाठी समाजमंदिराची खोली मिळेल त्यांनी किल्ली कोणाकडे असते तेही लिहून आणा.