मुंबईहून पुणे किती लांब?



आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि युनियनच्या कचेरीत फार झाले. तेव्हा भूगोलावर बोलण्यापूर्वी येथे बसलेल्या मास्तरांची क्षमा मागून ठेवतो.

मुंबईहून पुणे किती लांब? सरळ रेषेत मोजले तर सुमारे 120 किलोमीटर. मोटारीला दीडशेच्या आसपास पडतात. आगगाडी कल्याणचा वळसा घालून येते आणि आपल्या पळसदरीवरून बोरघाट चढते; तिचे 192. वेळेचाही असाच घोळ आहे. विमान आकाशात तासाभराहून कमीच असते. पण घरापासून विमानतळ, तिथल्या तपासण्या, लोहगावला उतरून पुन्हा शहर, अशी बेरीज केली, तर 1930 साली सुरू झालेली डेक्कन क्वीन काही मागे पडत नाही. द्रुतगती मार्ग 2002 साली पुरा झाला. तो मोकळा असला तर उत्तम. शनिवारी घाटात अडकलेल्याने घड्याळ पाहू नये.

पण हे तास कोणाचे मोजायचे? 1856 साली रेल्वे पळसदरीवरून खोपोलीपर्यंत आली. 1858 साली खंडाळा-पुणे गाडी सुरू झाली. मधला घाट बाकी होता. पालखी, तट्टू किंवा बैलगाडी करून लोक तो चढत. पालखीतल्या साहेबाला किती वेळ लागला हे कोणीतरी लिहून ठेवले असेल; खांद्यावर दांडा घेणाऱ्या भोयाला पुणे किती लांब होते, ते कोणत्या वेळापत्रकात सापडायचे?

घाटाची रेल्वे 1863 साली खुली झाली. 25 बोगदे, आणि 37 फूट चालावे तेव्हा एक फूट चढावे असा चढ. कामाच्या ऐन भरात चाळीस हजारांवर माणसे तिथे राबत होती. पटकीने आणि अपघातांनी हजारो मेली. जानेवारी 1859 मध्ये थकलेल्या मजुरीवरून मजूर खवळले आणि गोऱ्या मुकादमांवर धावून गेले. लोखंड्यांची गिरणी कामगारांची चळवळ उभी राहायला तेव्हा पंचवीस वर्षे अवकाश होता! पुढाऱ्यावाचून ही माणसे उठली, याचे आम्हा पुढारी म्हणवणाऱ्यांना कौतुक वाटते आणि थोडी लाजही.

आता आमचाच एक अनुभव सांगतो. खोपोलीकडच्या एका कारखान्यात आम्ही वाटाघाटीला बसलो होतो. पळसदरीहून खोपोलीला मधली तीनच स्थानके. पण एकेरी मार्ग, गाड्या मोजक्या. एक चुकली की फलाटावर बसून राहायचे. गाडी उशिरा आली आणि कामगार दहा मिनिटांनी फाटकाशी पोहोचला, की अर्ध्या दिवसाचा पगार कापला जाई. ही आमची तक्रार. बैठक दहाची. साहेब पुण्याहून मोटारीने निघाले होते, ते साडेअकराला आले. रुमालाने कपाळ पुसत म्हणाले, "काय करणार, घाटात ट्रॅफिक होता."

आमच्या बाजूचे कोणी हसले नाही. एका म्हाताऱ्या फिटरने एवढेच विचारले, "साहेब, तुमचा अर्धा दिवस लावायचा का?"

दुपारपर्यंत तोड निघाली. गाडी उशिरा आल्याचा स्टेशनमास्तरचा दाखला आणला, तर पंधरा मिनिटांची माफी. तीही महिन्यातून दोनदाच. आम्ही सही केली. तिसऱ्या वेळेचे भांडण अजून चालू आहे.