संगोपन : शब्द आणि कर्तव्य



‘चाइल्डकेअर’ हा शब्द आता पेण-रोह्यातही सर्रास कानी पडतो. त्याचा अर्थ विचारला तर उत्तर मिळते, पाळणाघर. परंतु पाळणाघर ही झाली जागा. त्या कामाला आपला शब्द आहे संगोपन. ‘गुप्’ म्हणजे रक्षण करणे. त्याला ‘सम्’ हा उपसर्ग लागला की अर्थ होतो उत्तम प्रकारे केलेले रक्षण. देहाचे, मनाचे आणि संस्कारांचेही.

हा भार पूर्वी एकट्या आईवर नसे. विनोबांचे बालपण याच पेण तालुक्यातील गागोद्यात गेले. वडील नोकरीनिमित्त बडोद्यास. येथे आईच्या जोडीला आजोबा शंभुराव होते. अशा कुटुंबव्यवस्थेचा अभिमान रास्तच आहे. पण नुसत्या अभिमानाने आजचे मूल सांभाळले जात नाही.

हमरापूर-जोह्याच्या मूर्तिशाळांत राबणारी भगिनी, धाटावच्या कारखान्यात पाळीला जाणारी आई, दिवाळीनंतर वीटभट्टीवर स्थलांतर करणारे कातकरी जोडपे. यांचे तान्हे मूल दिवसभर कोणाजवळ असते? प्रसूती लाभ कायद्यातील २०१७च्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची जबाबदारी टाकली. चार-सहा माणसांची मूर्तिशाळा त्या आकड्यात कशी बसणार? जेथे कायद्याचा हात पोहोचत नाही, तेथे समाजाने पोहोचायचे असते.

ताराबाई मोडकांनी ते करून दाखविले. १९४५ साली बोर्डी येथे त्यांनी बालशिक्षणाचे काम सुरू केले. वंचित वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द अशा कामातून रूढ झाला. पुढे १९७५च्या एकात्मिक बालविकास योजनेतून तो देशभर पोहोचला.

मातृशक्तीचा गौरव आपण व्यासपीठावरून नित्य करतो. त्या मातेचे मूल सांभाळणे हे एकट्या तिचेच काम मानले, तर तो गौरव पोकळ ठरेल. अंगणवाडी सुटल्यापासून आई कामावरून परतेपर्यंतचे तास वस्तीतील चार घरांनी वाटून घ्यावेत. निवृत्त शिक्षिकांनी, आजी-आजोबांनी त्यात पुढाकार घ्यावा. भट्टीच्या हंगामात मुलांसाठी सावली, स्वच्छ पाणी आणि एक मायेचे माणूस यांची सोय मालकाशी बोलून करावी. यासाठी मोठा निधी लागत नाही. वेळ मात्र द्यावा लागतो. तो देण्याची तयारी असेल, तरच संगोपन हा शब्द उच्चारण्याचा अधिकार आपल्याला आहे.