एक किलोच्या आत, तरीही गुन्हाच



सत्र न्यायालयात अंमली पदार्थांचे खटले चालवताना एक प्रश्न मला सारखा ऐकावा लागतो. समोर कॉलेजात जाणारा मुलगा असतो, शेजारी रात्रभर न झोपलेले आईवडील असतात, आणि मुलगा विचारतो, "पण सर, गांजा एक किलोपर्यंत चालतो ना?" ही समजूत कट्ट्यावर, हॉस्टेलमध्ये, मोबाइलवर पसरलेली आहे. आज मी फक्त तिच्याबद्दल बोलणार आहे.

चालत नाही. एक ग्रॅमही चालत नाही.

१९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्याने, म्हणजे एनडीपीएस कायद्याने, गांजा आणि चरस जवळ बाळगणं, नेणं, विकणं, विकत घेणं, सगळंच गुन्हा ठरवलं आहे. सूट आहे ती वैद्यकीय किंवा शास्त्रीय कामासाठी रीतसर परवाना असेल तर. मग हा एक किलो आला कुठून? २००१ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. त्याआधी, पकडलेला थोडासा चरस स्वतःपुरताच आहे हे आरोपीला पटवून देता आलं नाही, तर किमान दहा वर्षांची शिक्षा ठरलेली असे. व्यसनात सापडलेला माणूस आणि टेम्पो भरून माल पाठवणारा व्यापारी यांना एकाच मापाने मोजू नये, म्हणून शिक्षा वजनाशी जोडली गेली. त्याच वर्षी १९ ऑक्टोबरच्या अधिसूचनेने आकडे ठरले. गांजासाठी अल्प मात्रा एक किलोपर्यंत, व्यावसायिक मात्रा वीस किलोच्या वर. चरसासाठी अल्प मात्रा शंभर ग्रॅम, व्यावसायिक मात्रा एक किलोच्या वर.

हे आकडे शिक्षेच्या पायऱ्या आहेत, परवानगीच्या नाहीत. अल्प मात्रेला एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याच्या वर, पण व्यावसायिक मात्रेच्या आत, दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. व्यावसायिक मात्रा असेल तर दहा वर्षांहून कमी नाही, वीस वर्षांपर्यंत, आणि दंड एक ते दोन लाख. शिवाय या शेवटच्या पायरीवर जामीन मिळणं फार कठीण. आरोपी दोषी नसावा असं मानायला सबळ कारण आहे आणि तो बाहेर आल्यावर पुन्हा गुन्हा करणार नाही, याची न्यायालयाला खात्री पटावी लागते. तोवर मुलाची परीक्षा, नोकरी, लग्न, सगळं कोठडीच्या बाहेर थांबून राहतं.

वजन म्हणजे नेमकं कशाचं, यावर आमचे अर्धे युक्तिवाद चालतात. कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळ धरलेले शेंडे. शेंड्यांशिवाय नुसत्या बिया आणि पानं त्यात धरत नाहीत. पंचनाम्यात मात्र पुष्कळदा पोत्यात असेल ते सगळं, देठांसकट, काट्यावर चढतं आणि एकच आकडा लिहिला जातो. हा आकडा वीस किलोच्या जरा वर असेल, तर देठ-पाला वेगळा काढला होता का, या एका प्रश्नावर जामीन अडतो किंवा मिळतो. भेसळीबाबत मात्र आशा ठेवू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हिरासिंग खटल्यात सांगून टाकलं आहे, की अंमली पदार्थात दुसरं काही मिसळलेलं असेल तर मिश्रणाचं पूर्ण वजन धरायचं.

नुसत्या पानांची भांग या केंद्रीय कायद्यात येत नाही, हे खरं. पण महाराष्ट्रात ती दारूबंदी कायद्याखाली येते आणि तिला परवाना लागतो.

आता सगळ्यात कळीची गोष्ट. "पुण्याला चाललायस ना? ही बॅग तेवढी स्टँडवर माझ्या मित्राला दे." एवढ्यावर मुलं बॅग घेतात. बॅगेत काय आहे हे विचारणं त्यांना मैत्रीत अपमान वाटतो. या कायद्यात माल ज्याच्या ताब्यात, त्याला तो माहीत होता असं न्यायालय आधी गृहीत धरतं. माहीत नव्हतं, हे त्यानं सिद्ध करायचं असतं. २००३ साली मदनलाल खटल्यात, गाडीत सापडलेल्या चरसाबाबत, सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका घेतली. अंगझडती राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर व्हावी असा हक्क आरोपीला आहे आणि पोलिसांना तो त्याला सांगावाच लागतो. पण हातातल्या बॅगेच्या झडतीला हा हक्क लागू नाही.

परदेशी शिकणाऱ्या मुलांनीही हे ऐकावं. कॅनडात २०१८ पासून प्रौढ माणसाला सार्वजनिक जागी तीस ग्रॅमपर्यंत सुका गांजा बाळगता येतो. तो घेऊन मुंबई विमानतळावर उतरलात, तर तिथला कायदा तिथेच राहतो. इथे अंमली पदार्थाची आयात म्हणून गुन्हा दाखल होतो.

पालकांनो, शेवटचं तुमच्यासाठी. याच कायद्यात चौसष्ट-अ हे कलम आहे. व्यसनी माणसावर सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा आरोप असेल आणि तो स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य रुग्णालयात उपचार घेत असेल, तर त्या आरोपाखाली त्याच्यावर खटला चालत नाही. अट एकच, उपचार पूर्ण व्हायला हवेत. फार थोड्या घरांना हे ठाऊक असतं. मुलाच्या खिशात पुडी सापडली तर लोक काय म्हणतील म्हणून ती गुपचूप फेकून देऊन गप्प बसू नका. मारझोडही करू नका. त्याला घेऊन डॉक्टरांकडे जा. पोलिसांच्या आधी तुम्ही पोचलात, तर पुष्कळ काही वाचवता येतं.